रक्त कुणाचं आणि घर कुणाचं: दत्तक घेताना पडलेला प्रश्न

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, 'कारा'कडे, म्हणजे दत्तक देण्याचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी झाली, होम स्टडी, म्हणजे घरी येऊन करतात ती चौकशीही पार पडली. आता यादीत नंबर वर सरकायची वाट बघतोय. होम स्टडीला आलेल्या ताईंनी पगारापासून आमच्या भांडणांपर्यंत सगळं विचारलं, त्याचं काही वाटलं नाही. जड जातंय ते घरच्यांचं बोलणं. उघड विरोध कुणाचाच नाही. पण चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, "चांगलं करताय, पण रक्त कुणाचं ते कळायला मार्ग नसतो ना." सासूबाई अगदी मनापासून विचारतात, "संस्कार आपण करूच गं, पण मूळ स्वभाव कुठं जातो?" त्यांच्या मनात अढी नाही, काळजी आहे. म्हणूनच त्यांची नुसती समजूत न काढता मला खरं उत्तर द्यायचंय.

वाचायला बसले तर गोंधळ वाढला. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून, लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरी वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. १९९० साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी मांडलं की बुद्ध्यंकातले सुमारे ७० टक्के फरक जनुकांतल्या फरकांशी जोडलेले दिसतात. मग २०१५ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये जुळ्यांवरच्या ५० वर्षांच्या अभ्यासांची एकत्र मांडणी आली. १ कोटी ४५ लाखांहून जास्त जोड्या, १७,८०४ गुणधर्म आणि जनुकांच्या वाट्याचा सरासरी आकडा ४९ टक्के. नवरा म्हणाला, "बघ, म्हणजे निम्मं आपल्या हातात." मला हे वाक्य पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाही. इथे जाणकार आहेत, म्हणून धागा काढला.

काळी_माती

ताई, तुम्हाला ते पटत नाही हे अगदी बरोबर आहे. मी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो, पुढे नोकरीभर रब्बी ज्वारीच्या वाणांवर काम केलं. तुम्ही वाचलेला तो टक्क्यांचा आकडा, हेरिटॅबिलिटी, आमच्या रोजच्या कामातला. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

समजा चाचणीच्या प्लॉटमध्ये २० वाण पेरले. जमीन सपाट, भारी काळी, सगळीकडे सारखी ओल, सारखं खत. आता कणसांच्या वजनात जो फरक दिसेल तो बहुतेक बियाण्याचा, कारण बाकी फरक आपणच काढून टाकलेत. हेरिटॅबिलिटी भरपूर येईल. तेच २० वाण अर्धे काळ्या जमिनीत आणि अर्धे मुरमाडावर कसेही विखरून पेरले, तर आकडा धाडकन खाली येतो. बियाणं तेच, त्यातली जनुकं तीच. बदललं ते शेत. म्हणजे हा आकडा बियाण्याचा अंगभूत गुण नाही. या शेतात, या हंगामात, ज्वारीच्या ताटाताटांतले (रोपारोपांतले) जे फरक दिसले त्यातला किती वाटा वाणांच्या फरकाचा, एवढंच तो सांगतो. एका ताटाकडे बोट दाखवून 'यातलं निम्मं बियाण्याचं आणि निम्मं पाण्याचं' असं कोणी म्हणालं तर त्याला काही अर्थच नाही. बी नसेल तर ताट नाही, पाणी नसेल तरी ताट नाही. मालदांडी या ज्वारीच्या वाणाचंच बघा. सोलापूरकडच्या भारी जमिनीत नुसत्या मुरलेल्या ओलीवर ती कमाल करते, आणि हलक्या रानात तिचं कणीस भरत नाही.

माणसांतही हेच दिसलंय. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या ७ वर्षांच्या जुळ्यांचे बुद्ध्यंक तपासले. गरीब घरांमध्ये सुमारे ६० टक्के फरक घरच्या परिस्थितीशी निगडित आणि जनुकांचा वाटा शून्याजवळ. सुखवस्तू घरांत चित्र जवळजवळ उलटं.

आणि आकडा मोठा आला म्हणजे ती गोष्ट बदलूच शकत नाही, असंही समजू नका. उंचीची हेरिटॅबिलिटी ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. तरी दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची गेल्या शतकात २० सेंटिमीटरने वाढली. १०० वर्षांत जनुकं बदलत नाहीत. ताटातलं अन्न बदललं.

सदाफुली

काळी_माती काका, टाळ्या. इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

तर्कसंगत

काळी_माती यांनी मांडलेलं गणित बरोबर आहे. पण यावरून 'सगळं वाढवण्यावर' असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहितोय. टर्कहायमर यांचा निष्कर्ष अमेरिकेत पुन्हा दिसला, पण पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत तसा दिसला नाही. तिथे गरिबांनाही शाळा-दवाखाना बऱ्यापैकी मिळतो, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं.

दुसरं, डेन्मार्कमधल्या ५४० प्रौढ दत्तक व्यक्तींचा स्टंकार्ड यांचा १९८६चा अभ्यास बघा. त्यांचं जाडेपण जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होतं. वाढवणाऱ्या आईवडिलांशी जवळजवळ नाहीच. एकाच घरात वाढलेली, पण रक्ताचं नातं नसलेली दत्तक भावंडं लहानपणी बुद्ध्यंकात थोडी सारखी असतात, मोठी होतात तसं ते साम्य विरत जातं. हे निष्कर्ष पुन्हा पुन्हा आलेत. आवडोत न आवडोत, मान्य करावे लागतात.

आणि मी हे तावातावानं लिहितोय त्याला कारण आहे. माझ्या भाच्याला ऑटिझम आहे. १९५०-६०च्या दशकांत 'थंड आईमुळे मूल असं होतं' हा सिद्धांत जगभर चालला, ब्रुनो बेटलहाइम यांनी तो लोकप्रिय केला. जुळ्यांच्या अभ्यासांनी तो मोडून काढला, कारण एकसारख्या जुळ्यांत एकाला ऑटिझम असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता फार मोठी निघाली. इतकं होऊनही माझ्या बहिणीला आपल्याच नातेवाइकांनी ऐकवलं, "तू नोकरीला जायचीस म्हणून." ती बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेली तो महिना ती आजही मोजत बसते. 'सगळं संस्कारांवर असतं' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्याचा मार कायम आईवर पडतो. रानजाई, उद्या तुमच्या मुलाला काही अडचण आली तर तुम्हालाही हे ऐकवलं जाईल. जनुकांचा वाटा मान्य केला तर त्या अपराधभावातून सुटका होते, ही माझी कळकळ आहे.

काळी_माती

तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. मुद्दा शंभर टक्के मान्य.

फक्त दत्तक मुलांच्या बुद्ध्यंकाबद्दल एक भर. स्वीडनमध्ये केंडलर आणि सहकाऱ्यांनी सख्ख्या भावांच्या ४३६ जोड्या पाहिल्या. एक भाऊ जन्मघरी वाढलेला, दुसरा दत्तक गेलेला. १८-२० वर्षांचे असताना दत्तक गेलेल्या भावाचा बुद्ध्यंक सरासरी ४.४ गुणांनी जास्त निघाला (२०१५). तुम्ही सांगताय ते क्रमवारीबद्दल आहे, कोण कुणाच्या पुढे ते. हे आहे सरासरीबद्दल, सगळे मिळून किती वर उचलले गेले ते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. चांगल्या जमिनीत सगळेच वाण वाढतात, त्यांची आपसातली क्रमवारी तीच राहिली तरी.

दोघींची_आई

माझ्या मुली एकसारख्या जुळ्या. एका घरात, एका खोलीत वाढल्या, एकाच रिक्षाकाकांच्या रिक्षातून शाळेत गेल्या. एक तासभर गोष्टीचं पुस्तक सोडत नाही, दुसरीला पाच मिनिटं बसवत नाही. जनुकं तीच, घर तेच. मग हा फरक कुठला, ते मला कोणी सांगेल का?

तर्कसंगत

@दोघींची_आई, संशोधकही याच प्रश्नाशी झटतायत. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ साली हाच प्रश्न विचारला होता की एकाच घरातली मुलं एवढी वेगळी का. जनुकं आणि सामायिक घर बाजूला काढल्यावर जो मोठा वाटा उरतो, तो ना आईवडिलांनी ठरवलेला, ना वारशाने आलेला. गर्भातली जागा, एखादं आजारपण, वर्गातली एखादी मैत्रीण, मेंदूची जडणघडण होताना घडलेले योगायोग, असं बरंच काही त्यात येतं.

पेठेतला_नवा

रानजाई ताई, बाळ घरी आलं की डीएमआयटी करून घ्या. बोटांच्या ठशांवरून जन्मजात कल कळतो. आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी केलंय. स्वभाव आधीच कळला तर घरच्यांची काळजी मिटेल.

तर्कसंगत

कृपया करू नका. बोटांवरच्या रेषा गर्भातच पक्क्या होतात आणि एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. दोघींची_आई यांच्या मुलींचेही वेगळेच असणार. त्यावरून मूल गणितात हुशार की गाण्यात, हे सांगायला कसलाही शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही तसं स्पष्ट म्हटलंय. हजारो रुपये घेऊन तान्ह्या मुलाच्या कपाळावर शिक्का मारून देतात, याचा मला फार संताप येतो. दत्तक मुलाच्या बाबतीत तर असा शिक्का दुप्पट घातक, कारण घरचे तो कागद 'रक्ताचा पुरावा' म्हणून वाचतील.

डॉ_मुळाकाठ

चर्चा चांगली चाललीय, पण सगळे दोनच खुर्च्या मांडून बसलेत, जनुकं आणि घर. मधले नऊ महिने कुणाच्या हिशोबात नाहीत. आणि त्या नऊ महिन्यांवरचं जगात नावाजलेलं काम आपल्या पुण्यात झालंय, म्हणून राहवत नाही.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. दिवस राहायच्या आधीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या, मग बाळांच्या, आणि ती मुलं मोठी होईपर्यंत ते काम चालू राहिलं. बाळांची सरासरी वजनं साधारण २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांची ३.५ किलो. एवढं म्हटलं की वाटतं, आपली बाळं नुसती लहान. पण मोजमाप केल्यावर दिसलं की हातपाय काटकुळे, स्नायू कमी, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. वरून बारीक, आतून लठ्ठ. पुढे मधुमेहाकडे झुकणारी शरीराची ठेवण जन्माच्या दिवशीच दिसत होती.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. मी हा फोटो आजही माझ्या पेशंटना दाखवतो.

आता आपल्या प्रश्नाशी याचा संबंध. आपण म्हणतो, "आमच्या घराण्यात मधुमेह आहे, रक्तातच आहे." त्यातला काही भाग खराच जनुकांचा. पण त्या गावांत दिसलं की ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त होती. बी-१२ कमी का, तर दूध आणि मांसाहार ताटात नाही. म्हणजे घराण्यात चालत आलेलं सगळंच जनुकांतून चालत येत नाही, ताटातूनही येतं. पुढे त्याच मुलांना, ती वयात आल्यावर, बी-१२ देऊन त्यांच्या पोटच्या बाळांवर काय परिणाम होतो हेही याच गटाने तपासायला घेतलं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. फिनाइलकिटोनुरिया हा आजार पूर्णपणे जनुकीय. नॉर्वेच्या आस्ब्योर्न फॉलिंग यांनी तो १९३४ साली ओळखला. उपचार न झाल्यास मूल मतिमंद होतं. १९५० च्या दशकात त्यावर खास आहार निघाला, आणि जन्मतःच निदान होऊन तो आहार मिळालेली मुलं आज शिकून नोकऱ्या करतात. दोष जनुकाचा, उपाय जेवणाचा.

सा_रे_ग

शास्त्रीय संगीत शिकवते, म्हणून एक निरीक्षण. गवयाच्या घरचं मूल सुरात असतं तेव्हा लोक म्हणतात, रक्तात आहे. पण त्याच मुलाच्या पाळण्याशेजारी तानपुरा लागलेला असतो, ते कसं वेगळं काढणार? भीमसेनजींचे वडील शाळामास्तर. ११ व्या वर्षी, १९३३ साली, गुरूच्या शोधात मुलगा घरातून पळाला. मग गाणं आलं कुठून? तर आई भजनं म्हणायची. म्हणजे पुन्हा तोच गुंता, आईचं रक्त की आईचा आवाज.

तर्कसंगत

@सा_रे_ग, हा गुंता थोडासा सुटलाय. आइसलँडमध्ये ऑगस्टिन काँग यांच्या गटाने २०१८ साली आईवडिलांची अशी जनुकं पाहिली जी मुलांकडे गेलीच नव्हती. तरी मुलांच्या शिक्षणावर त्यांचा परिणाम दिसला, मुलाकडे गेलेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के. जे जनुक मुलाच्या अंगात नाही त्याचा परिणाम त्याच्यावर कसा? आईवडिलांच्या वागण्यातून, म्हणजे घरातून.

जुनं_पुणं

विज्ञान तुम्ही सगळे सांगताय, मी थोडा इतिहास लिहितो, कारण 'रक्त' हा आपल्याकडे साधा विषय कधीच नव्हता.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे मोठे पुरस्कर्ते, ज्यांचं काम पुढे नाझींच्या कामी आलं. कवटीची असमानता वंशाशी जोडता येते का, हा इरावतीबाईंचा विषय. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध नाही असा निष्कर्ष मांडला, खुद्द फिशर यांच्या हाताखाली. नंतर त्यांची कारकीर्द आपल्या डेक्कन कॉलेजात गेली. याच काळात अमेरिकेत, १९२७ साली, सर्वोच्च न्यायालयाने 'मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' असं म्हणून कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली होती. आनुवंशिकतेचं अर्धवट ज्ञान सत्तेच्या हाती गेलं की काय होतं ते यात आहे.

आणि दुसरं, जे रानजाईंच्या थेट कामाचं. जोतीराव आणि सावित्रीबाईंचा मुलगा यशवंत हा दत्तक. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला फुल्यांनी आधार दिला, तिचं हे बाळ. रक्ताचा प्रश्न तेव्हा किती विखारी असेल, जातीसकट, याची कल्पना करा. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढे धरायचं मडकं, स्वतः धरलं. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आईबरोबर पुण्याबाहेर रुग्णांची सेवा करत होता. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. एका माणसावरून विज्ञानाचा सिद्धांत निघत नाही, हे मला कळतं. पण याच शहरात हा प्रश्न कुणीतरी जगून दाखवलाय, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काळी_माती काकांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बार्शीकडच्या, माहेरी शेती. मुरमाड आणि काळी जमीन म्हटल्यावर त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "मग आपली जमीन कशी आहे, ते बघायचं की नाही?" तेव्हापासून मी हाच विचार करतेय. मुलाची परीक्षा घ्यायची सोडून आम्ही आमच्याकडे बघायला लागलोय. ज्यांनी दत्तक घेतलंय त्यांचं ऐकायला फार आवडेल.

चाफेकळी

माझी लेक आता आठवीत. सव्वा वर्षाची असताना घरी आली. इतके दिवस वाचतच होते, आता लिहिते.

ती डावखुरी. वीजबिलाच्या पाठीवर समोर बसलेल्या माणसाचं चित्र काढते. नाक-डोळे नंतर. आधी मान कशी कललीय ती एक रेघ ओढते आणि तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणाला सरळ रेघ येत नाही. ते तिचं तिनं आणलंय. आणि फोनवर बोलताना "हो का, बरं बरं" म्हणून शेवटचा 'बरं' खाली ओढते, तो हुबेहूब माझ्या आईचा. आजी-नातीचा आवाज आतल्या खोलीतून आला तर मला अजून फरक कळत नाही. ही माझ्या मुलीची टक्केवारी.

रानजाई, दोन गोष्टी मात्र गंभीरपणे सांगते. एक, पहिल्या महिन्यांना फार किंमत आहे. रुमानियात १९८९ साली हुकूमशहा चाउशेस्कूची सत्ता गेल्यावर अनाथालयांतली मुलं जगासमोर आली. बुखारेस्टमध्ये २००० पासून १३६ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक कुटुंबांत पाठवलं. दोन वर्षांच्या आत गेलेली मुलं जीव लावण्यात आणि बुद्धीतही पुष्कळ सावरली, उशिरा गेलेली कमी. यात रक्ताचा काही संबंध नव्हता, कुणी उचलून घेतलं नव्हतं याचा होता. आपल्या इथल्या चांगल्या संस्थांत मावश्या मुलांना जीव लावतात, तरी तुमचं बाळ आलं की सुरुवातीचे दिवस पाहुण्यांची रांग लावू नका. तुम्ही दोघांनीच त्याला घ्या, भरवा, झोपवा.

दोन, दत्तक घेतल्याचं मुलाला कळायला लागल्यापासून सांगत राहा. तिसरीत शाळेतून 'माझा वंशवृक्ष' असा प्रकल्प आला, त्यात 'मी कुणासारखी दिसते' असा रकाना. शिक्षिकेला आधी सांगून ठेवलं होतं, तरी वर्गात तो सगळ्यांसमोर वाचायला लावला. लेक म्हणाली, "मला माहीत नाही, पण चित्रं माझी मीच काढते." वर्गात ती धीट होती. घरी येऊन खूप रडली. तिला आधीपासून माहीत नसतं तर तो दिवस कसा गेला असता, याचा विचारही नको वाटतो.

सदाफुली

चाफेकळी, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या लेकीला खूप खूप आशीर्वाद.

रानजाई

चाफेकळी ताई, काय लिहू, सुचत नाही. पाहुण्यांचं आजच घरात बोलते.

डॉक्टर, एक प्रश्न. नंबर आला की मुलाची माहिती दिसते आणि ४८ तासांत होकार कळवायचा असतो. त्यासोबतच्या वैद्यकीय अहवालात नेमकं काय बघायचं?

डॉ_मुळाकाठ

आधीच एक बालरोगतज्ज्ञ ठरवून ठेवा, ज्यांना अहवाल लगेच दाखवता येईल. एकच वजन बघून घाबरू नका. जन्मवजन, आताचं वजन, उंची आणि डोक्याचा घेर, या सगळ्यांच्या तारखांसह नोंदी मागा. रेघ वर चढतेय का ते महत्त्वाचं. संस्थेत आल्यावर चढायला लागली असेल तर फार चांगली खूण. एचआयव्ही, कावीळ ब, थायरॉइड, हिमोग्लोबिन झालंय का बघा. ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर घरी आल्यावर पहिल्यांदा ती करा. मान धरणं, बसणं, हसून प्रतिसाद देणं कधी सुरू झालं ते सांभाळणाऱ्या मावशींना विचारा, फाइलपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात बहुधा 'माहिती उपलब्ध नाही' असं असेल. ते तसंच राहू द्या. पुढे कुठल्याही दवाखान्यात फॉर्म भरताना तुमचा किंवा नवऱ्याचा मधुमेह-रक्तदाब सवयीने तिथे लिहू नका, 'माहिती नाही' लिहा. त्याने डॉक्टर जास्त काळजीपूर्वक तपासतील. आणि फॉर्म भरताना मूल शेजारी उभं असेल तर ते तोंडीही सांगा, नेहमीच्या आवाजात.